झोपेचा पगार

त्यांची ओळख झाली ती त्याच्या गुडघ्यांमुळे.

सकाळपासून पावसाची भुरभुर चालली होती. तिने ट्रक माल भरायच्या फलाटाला लावला आणि चाकांतली हवा बघायला खाली उतरली. तेवढ्यात डोक्यावर बॅग धरलेला एक उंच मनुष्य यार्डातून धावत आला आणि इकडेतिकडे न बघता तिच्या केबिनमध्ये चढला. आता तिची सीट म्हणजे पार पुढे ओढलेली आणि वर नारिंगी उशी. साधारण उंचीच्या माणसालाही तिथे अंग चोरूनच बसावं लागलं असतं. ह्याचे तर गुडघे थेट स्टेअरिंगखाली अडकले, कोपर हॉर्नवर टेकलं, आणि हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. फलाटावरचे हमाल हातातली खोकी खाली ठेवून बघत राहिले.

ती कमरेवर हात ठेवून दाराखाली उभी राहिली.

“आधी माझ्या उशीवरून उठा.”

“उठायचंच आहे हो,” आतून अजिजीचा आवाज आला. “पण... गुडघे सोडत नाहीयेत.”

ती पायरीवर चढली, सीटखाली हात घातला आणि खटका ओढला. सीट त्याच्यासकट सुर्रकन मागे गेली. हॉर्न थांबला. त्याने मोठा श्वास घेतला, पापण्यांवरचं पाणी पुसलं आणि तिच्याकडे बघून असा काही हसला की तिला पुढचं वाक्य आठवेना. वाक्य चांगलं झणझणीत होतं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

“मी तुमचा नवा जोडीदार,” तो म्हणाला. फलाटावरून कुणीतरी शिट्टी मारली तसा तो गडबडला. “म्हणजे... ट्रकवरचा.”

यार्डात कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. तिला सगळे लवंगी म्हणायचे. दिसायला एवढीशी, पण तोंडाला लागेल त्याच्या डोळ्यांत पाणी. ह्यालाही संध्याकाळच्या आत नाव मिळालं. गोदामातल्या सगळ्यात वरच्या फळीवरची ताडपत्री त्याने नुसता हात वर करून काढून दिली आणि तिथेच तो ‘शिडी’ झाला. लवंगी आणि शिडी एका ट्रकवर, ह्याची यार्डाला फार मौज वाटली.

जोडीचा हा नियम कंपनीत फार जुना होता. घाट ओलांडून पलीकडच्या शहरात जायचं म्हणजे सूर्य उगवताना निघून मावळताना पोहोचायचं. पूर्वी कधीतरी एकट्या ड्रायव्हरचा घाटात डोळा लागला आणि ट्रक दरीत गेला. तेव्हा युनियनने भांडून हा नियम मिळवला: लांबच्या ट्रकवर दोघं. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकाने चालवायचं, पुढे दुसऱ्याने. ज्याची पाळी नसेल त्याने केबिनच्या मागच्या बाकावर पडदा ओढून आडवं व्हायचं, आणि त्या वेळेचा अर्धा पगार घ्यायचा. त्याला सगळे झोपेचा पगार म्हणत. लवंगीचे बाबाही ह्याच कंपनीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते तिला अभिमानाने सांगत, “तुझं सगळं शिक्षण माझ्या झोपेवर झालंय.”

बाबांचं आणखी एक सांगणं होतं, आणि ते सगळ्याच जोड्या मानत. जोडीदार चालवत असताना मागे गाढ झोप लागली, तर समजावं जोडी जमली. मागचा माणूस जागा राहिला तर त्याचा पुढच्यावर भरवसा नाही. यार्डात ह्याच्याइतका दुसरा अपमान नव्हता.

आणि इथेच तर लवंगीची पंचाईत होती. शिडी चालवत असताना तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

भीती वगैरे मुळीच नाही. तो घाट असा उतरवायचा की पेल्यातलं पाणी हलू नये. पण पडदा ओढला गेला की त्याला वाटायचं आपण एकटेच आहोत, आणि मग तो ट्रकशी बोलायला लागायचा. अगदी मनापासून. “चल गं बाई, आता चढ आहे, रुसू नकोस.” “तो बघ, पिवळा शर्टवाला, कालही ह्याच वळणावर उभा होता. कुणाची वाट बघतोय कोण जाणे.” भिंतीला कान असतात म्हणतात. पडद्यालाही असतात, हे त्याच्या गावी नव्हतं. लवंगी तोंडावर पांघरूण दाबून हसायची. पहिल्या दिवशी गंमत म्हणून ऐकलं, दुसऱ्या दिवशी सवय लागली, आणि नंतर नंतर तर ती पाळी बदलायची वाट बघायला लागली.

मग एकदा मोठा पूल ओलांडताना तो ट्रकला म्हणाला, “आज ती मोकळे केस सोडून आली होती. बघितलंस ना?”

लवंगीचा हात आपोआप केसांकडे गेला.

दिवसेंदिवस ट्रकला काय काय कळायला लागलं. तिला चहात साखर कमी लागते. ती रागावली की डावी भुवई आधी वर जाते. पूल आला की तो हमखास तेच विचारायचा, “हिला सांगून टाकू का गं?” ट्रक बिचारा काय सांगणार? तो घरघरत राहायचा, आणि पडद्याआड एका माणसाचं काळीज इतकं धडधडायचं की बाहेर ऐकू जाईल असं त्याला वाटावं.

समोरासमोर मात्र दोघांची भेट घाटमाथ्यावर, टपरीवरचा एक चहा संपेपर्यंत. तेवढ्यात जे काही व्हायचं ते व्हायचं.

“झोप झाली ना नीट?” तो विचारायचा.

“अगदी मेल्यासारखी,” ती सांगायची. “तुम्हाला कंटाळा नाही येत इतका वेळ गप्प बसून?”

“सवय आहे मला. मी मुळातच कमी बोलतो.”

ती चहाच्या पेल्यात बघत राहायची, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. आणि पेला ठेवून ती ट्रककडे जायची, तेव्हा सीट पुढे ओढलेली असायची, उशी झटकून नीट ठेवलेली, आरसा तिच्या उंचीला वळवलेला. तो उतरण्याआधी हे सगळं करून ठेवायचा. ती उतरताना सीट पार मागे ढकलून ठेवायची. ह्याबद्दल दोघं एका शब्दाने बोलले नव्हते.

बरं, दोघांची घरंही दोन टोकांना. तिचं इकडच्या शहरात, त्याचं पलीकडच्या. ट्रक इकडे मुक्कामाला आला की तो डेपोच्या विश्रांतीखोलीत, तिकडे गेला की ती. म्हणजे त्यांना जोडणारी गोष्ट एकच, तो ट्रक आणि त्यावरचा जोडीचा नियम.

आणि नेमका तोच नियम जायची वेळ आली.

कंपनीला माल देणारा सगळ्यात मोठा फर्निचरचा कारखाना दुसरीकडे गेला. यार्डात ट्रक उभे राहायला लागले, त्यांच्या चाकांशी गवत उगवलं. मॅनेजरबाईंनी युनियनच्या सेक्रेटरीकाकांना बोलावून साफ सांगितलं, की नव्या करारात काहीतरी सोडावं लागेल. झोपेचा पगार बंद. लांबच्या ट्रकवर एकच ड्रायव्हर. दुसऱ्याने आपापल्या शहरातल्या छोट्या गाड्या चालवाव्यात. हे मान्य नसेल तर फाटकाला कुलूप लावण्यावाचून इलाज नाही. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांची स्वतःची गाडीसुद्धा विकून झाली होती. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी सभा आणि मतदान ठरलं.

लवंगीने ते ऐकलं आणि तिला कळून चुकलं. तो त्याच्या शहरात, ती तिच्या. मध्ये अख्खा घाट. पुलावरचा प्रश्न ट्रकपाशीच राहणार.

त्या आठवड्यातल्या शेवटच्या फेरीला तिने ठरवलं होतं की आज चहा घेताना आपणच विषय काढायचा. पण त्याआधीच घात झाला. पुलाच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं, शिडीने करकचून ब्रेक दाबला, आणि पडद्यामागून ती ओरडली, “लागलं नाही ना त्या पांढऱ्याला?”

कुत्रं खरंच पांढरं होतं. झोपलेल्या माणसाला ते कळायचं काही कारण नव्हतं.

“तुम्ही... जाग्या आहात?” त्याने हळूच विचारलं.

“आत्ताच जाग आली.”

त्याने आरशात बघितलं. पडदा बोटभर उघडा होता, आणि तो रोजच तसा असायचा हे आता त्याच्या ध्यानात आलं. तो पुढे एक अक्षर बोलला नाही. पूल आला आणि गेला. लवंगी बाकावर डोळे सताड उघडे ठेवून पडून राहिली, आणि नुसत्या इंजिनाचा आवाज इतका भकास असतो हे तिला पहिल्यांदाच समजलं. टपरीवर त्याने चहा नको म्हणून सांगितलं. सीट मात्र पुढे ओढलेली होती.

रविवारी सभा भरली ती रिकाम्या पडलेल्या गोदामात. दोन्ही शहरांतले ड्रायव्हर, हमाल, मेकॅनिक असे सगळे लाकडी फळ्यांवर दाटीवाटीने बसले होते. बाहेर रिमझिम, आत पत्र्यावर तिचा ताशा. जुने ड्रायव्हर तावातावाने बोलत होते, की जोडी सोडली म्हणजे घाटात पुन्हा एकट्याचा डोळा लागणार. हमाल म्हणत होते, की कुलूप लागलं तर आम्ही कुठल्या घाटात जायचं? दोघांचंही खरं होतं. सेक्रेटरीकाका टक्कल पुसत मध्ये उभे होते.

आणि मग शिडी उठला. छताला डोकं लागेल असं वाटण्याइतका उंच, आणि मान खाली.

“मी एकट्याने नेईन ट्रक,” तो म्हणाला. “ज्यांना... मागे झोप लागत नाही, त्यांना जबरदस्तीने कुणाच्या मागे झोपवू नये. त्यांना त्यांच्या शहरात सुखाने राहू द्या. जोडी गेली तरी माझी हरकत नाही.”

तो खाली बसला. गोदामात चुळबुळ झाली. कुणाबद्दल बोलणं चाललंय हे कळायला यार्डात कुणी दुधखुळा नव्हता. सगळ्या माना लवंगीकडे वळल्या.

तिचा आधी संताप झाला. मग तिला दिसलं, की तो आपल्याच तळव्यांकडे बघत बसलाय. हा मनुष्य समजतोय की माझा त्याच्यावर भरवसा नाही. आणि तरी माझ्याच सुखाचं बघतोय. तिची डावी भुवई वर गेली आणि ती उभी राहिली. उभी राहूनही दिसेना, म्हणून फळ्यांच्या थप्पीवर चढली.

“मी कंपनीकडून झोपेचा पगार घेतला,” ती म्हणाली. “आणि झोपले नाही.”

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. सेक्रेटरीकाकांनी अशी कबुली उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, एवढं पुटपुटून त्यांनी विचारलं, की ह्याच्या चालवण्याची भीती वाटायची का.

“मुळीच नाही. ह्याच्यासारखा घाट उतरवणारा मी दुसरा पाहिला नाही. बाबांसकट.”

“मग जागी का राहिलीस?”

“हा चालवताना ट्रकशी बोलतो.” आता माघार नव्हती. “आणि मला... ते ऐकायला फार आवडतं.”

आधी हमाल हसले. मग मेकॅनिक. मग सगळं गोदाम असं हसलं की पत्र्यावरचा पाऊससुद्धा ऐकू येईना. शिडीचे कान लाल होत होत मानेपर्यंत पोहोचले. तो उठून पळाला असता, पण दोन्ही बाजूंच्या हमालांनी त्याचे खांदे धरून ठेवले होते.

लवंगी मात्र थप्पीवरून उतरली नाही. कारण गेल्या चार रात्री ती अंथरुणावरही झोपली नव्हती, आणि त्या जाग्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. दोघं समोरासमोर येतात ते फक्त घाटमाथ्यावर, ह्या एका विचारापासून ती सुरू झाली होती. मग इकडचा ट्रक घाटमाथ्यापर्यंतच का नेऊ नये? तिकडचाही तिथवरच येऊ दे. टपरीपाशी दोन्ही ड्रायव्हरांनी ट्रकची अदलाबदल करावी आणि आपापल्या घरी परतावं. माल पोहोचला, विश्रांतीखोल्यांचा खर्च वाचला, मध्ये पाय मोकळे झाले, आणि रात्रीची झोप स्वतःच्या अंथरुणात. काम दिवसाआड वाटून घेतलं तर कुणाला ट्रकवरून उतरवायला नको. झोपेचा पगार तेवढा सोडावा लागेल. तिने हे सगळं एका दमात सांगितलं.

मग मागून एक म्हातारा ड्रायव्हर कुरकुरला, की आपला ट्रक म्हणजे आपला ट्रक. तो दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा? ह्या कंपनीत बायको माहेरी गेलेली चालायची, पण आपल्या सीटवर दुसरा बसलेला चालत नसे. म्हणून तर हा उपाय इतकी वर्षं कुणाला सुचला नव्हता.

“काका, सीट मागेपुढे करता येते,” लवंगी म्हणाली. “आम्ही दोघं रोज करतो. काही बिघडत नाही.”

मॅनेजरबाईंनी बाजूला बसून आकडेमोड केली, दोनदा तपासली, आणि जमेल असं म्हणाल्या. हात वर झाले. म्हाताऱ्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. शिडीचे दोन्ही हात वर होते. एक मोजायचा असतो हे त्याला सांगावं लागलं.

सभा संपल्यावर तो फलाटाच्या टोकाला पावसात उभा होता. ती छत्री घेऊन गेली. छत्री त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचेना, तेव्हा त्यानेच ती हातात घेतली आणि सगळी तिच्यावर धरली.

“किती ऐकलंस?” ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, हे दोघांनाही कळलं नाही.

“सगळं.”

“ते... पुलावरचंसुद्धा?”

“पुलावरचं तर जातानाही आणि येतानाही.”

त्याने डोळे मिटून घेतले. “मग बोलली का नाहीस?”

“मला कुठे विचारलंस? ट्रकला विचारत होतास.”

तो वाकला. तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणायचे तर त्याला बरंच वाकावं लागायचं. “आता तुला विचारतो,” तो म्हणाला. “मला तू फार फार आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?”

हो म्हणायला तिचे ओठ उघडलेही होते. पण लवंगी ती लवंगी.

“बाबांचा नियम माहीत आहे ना? जोडीदाराजवळ गाढ झोप लागली तरच जोडी जमली. मला तुझ्याजवळ आजवर एकदाही लागलेली नाही.” ती छत्रीबाहेर निसटली आणि मागे वळून हसली. “लागेल त्या दिवशी उत्तर मिळालं असं समज.”

ही अट दुसऱ्या दिवशी सगळ्या यार्डाला ठाऊक होती. लवंगीने ती फक्त बाबांना सांगितली होती, पण बाबांच्या पोटात काही राहत नसे. झोपेचा पगार गेला म्हणून ते दोन दिवस कुरकुरले, आणि मग दिवसाआड सुट्टी म्हणजे लग्नाच्या तयारीला बरी, असं म्हणायला लागले.

नवा करार सुरू झाला. एक दिवसाआड दोन ट्रक दोन टोकांकडून घाट चढून यायचे आणि टपरीपाशी नाकाला नाक लावून उभे राहायचे. अर्ध्या तासाचा थांबा करारातच होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं त्यांचं झालं. आता पडदा नव्हता, सोंग नव्हतं. टपरीच्या बाकावर ती बोलायची, तो बोलायचा, दोघं एकदम बोलायची. त्याने तिला पिवळ्या शर्टवाल्याची पुढची गोष्ट सांगितली. तिने त्याला विचारलं की मोकळे केस बरे की वेणी, आणि त्याने ट्रककडे तोंड करून उत्तर दिलं. झोपेचं मात्र नाव नाही.

“येतेय का गं थोडीशी?” तो आशेने विचारायचा.

“टक्क जागी आहे,” ती सांगायची.

त्याने उशी आणून बघितली. टपरीवाल्याला तिचा चहा पातळ करायला सांगून बघितलं. एकदा तर अर्धा तास मुद्दाम कंटाळवाणं बोलायचा प्रयत्न केला, आणि ती हसून हसून बाकावरून पडायची राहिली. उठताना ती त्याच्या ट्रकमध्ये चढायची, तो तिच्या. सीट पुढे ओढलेली असायची, सीट मागे ढकललेली असायची. मग दोन हॉर्न वाजायचे आणि ट्रक पाठमोरे व्हायचे.

असाच एक दिवस. पाऊस नुकताच थांबला होता, टपरीच्या पत्र्यावरून थेंब गळत होते, आणि दरीतून ऊन वर येत होतं. लवंगी त्याला सांगत होती, की मॅनेजरबाईंना नवं गिऱ्हाईक मिळालंय. कसलासा काचेचा कारखाना आहे, आणि त्यांना म्हणे हळू घाट उतरवणारेच ड्रायव्हर पाहिजेत, तर मी तुझं नाव... इथे वाक्य थांबलं. शिडीने वाट बघितली. मग त्याला खांद्यावर तिच्या डोक्याचा भार जाणवला.

तो जागच्या जागी गोठला. श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला. टपरीवाला वेळ झाल्याचं सांगायला आला, तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं. थांब्याची वेळ कधीच टळली होती. डेपोतून फोन आला. त्याने तो दोन बोटांनी खिशातून काढला आणि कुजबुजत घेतला. पलीकडे सेक्रेटरीकाका होते, चांगलेच तापलेले. दोन्ही ट्रक अजून माथ्यावर का, हे त्यांना कळायला हवं होतं.

“झोप,” शिडी म्हणाला.

“कुणाची?”

“तिची.”

मग काकांचा आवाज आला, पण फोनमध्ये नव्हे, यार्डाकडे तोंड करून. “अरे ए, झोपली रे ती.” पाठोपाठ एक हॉर्न वाजला, मग दुसरा, आणि मग यार्डातल्या एकूण एक ट्रकने हॉर्न धरून ठेवला. शिडीने घाईघाईने फोन लांब धरला, तरी तो गलका सगळ्या घाटमाथ्यावर ऐकू जात होता. टपरीवाला कानांवर हात ठेवून हसत होता.

शिडीने घाबरून खांद्याकडे बघितलं. ती गाढ झोपली होती.